प्रौढांस शिकवावे कोणी?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या वास्तूत प्रौढांसाठी सायंवर्ग सुरू करावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने या वर्षी संमत केला, याबद्दल मी प्रथम मंडळाचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. ज्ञातिसंस्थेने विद्यार्थ्यांस बक्षिसे द्यावीत, वधूवरसूची छापावी आणि वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे, एवढीच कल्पना पुष्कळांच्या मनात असते. ती कार्ये चांगलीच आहेत. परंतु ज्यांना बक्षीस मिळवण्याची संधीच आयुष्यात आली नाही, त्यांची आठवण संस्थेने ठेवली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

तथापि या ठरावाच्या दुसऱ्या कलमाविषयी मला काही निवेदन करावयाचे आहे. त्या कलमात असे म्हटले आहे की, वर्गावर केवळ प्रशिक्षित, शक्यतो सेवानिवृत्त अशा शिक्षकांचीच नेमणूक करावी. उद्याच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मंजुरीसाठी येणार आहे. या कलमामागील हेतू शुद्ध आहे, यात शंका नाही. परंतु प्रौढांना शिकवणाऱ्यांचा मूळ पेशा कोणता असावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर चुकले तर वर्ग उघडतो, फलक लागतो, छायाचित्र निघते आणि तीन महिन्यांत सतरंजी गुंडाळून ठेवावी लागते. तेव्हा या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या.

आपल्यापैकी काहींना वाटेल की, आता निरक्षर उरले आहेत तरी कोण? १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८.३३ होते, २०११ च्या जनगणनेत ते सुमारे ७३ झाले. महाराष्ट्राचे प्रमाण २०११ साली ८२.३४ होते. ही प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की, महाराष्ट्रात सात वर्षांवरील शंभर माणसांमागे सतराअठरा माणसे तेव्हा अक्षरांच्या बाहेर होती, आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. आपल्या कुटुंबसूचीकडेच पाहा. मुलांच्या नावांपुढे पदव्यांच्या ओळी आहेत, जावयांची पदे आहेत, परदेशस्थ नातवंडांचे पत्तेही आहेत. परंतु कित्येक ठिकाणी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या नावापुढे शिक्षणाचा रकाना कोरा आहे, किंवा तेथे ‘गृहकृत्य’ असा शब्द घालून तो झाकला आहे. त्या कोऱ्या रकान्यांसाठी हा वर्ग आहे. रकान्याची मालकीण साठीपासष्टीची आहे. तिने चार मुले वाढवली, भावकीतील भांडणे मिटवली, महिनाअखेरीस संसाराची तोंडमिळवणी केली. आता बँकेतून मोबाइलवर आलेला संदेश वाचून घेण्यासाठी तिला नातवाची मनधरणी करावी लागते, आणि हातात आलेल्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळताच अंगठा उठवावा लागतो. अशा विद्यार्थिनीस शिकवावे कोणी? प्रश्न असा विचारला म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानात येते.

प्रथम आपल्या प्रांताचा इतिहास पाहू. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा निरुपयोगी, हे त्यांनी ओळखले. या शाळेत शिकवणारे दोघे कोण होते? जोतीराव हे सरकारी शाळाखात्याचे पगारी पंतोजी नव्हते. त्यांच्या घराण्यात फुलांचा व बागायतीचा धंदा होता. पुढे त्यांनी बांधकामाची कंत्राटेही घेतली. मजुराचा दिवस कसा जातो, त्याला रोजंदारीत कोठे फसवले जाते, सावकाराच्या कागदाला तो का भितो, हे त्यांना जवळून ठाऊक होते. उलट सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. एकाजवळ शिकणाऱ्याच्या जगाची माहिती आणि दुसरीजवळ शिकवण्याची विद्या, असा हा योग होता. हे उदाहरण मी मुद्दाम आरंभी घेतले आहे, कारण माझ्या सर्व प्रतिपादनाचे सार त्यात आले आहे.

त्यानंतरच्या काळात प्रौढांना शिकवण्याच्या कार्यात पडलेली माणसे किती भिन्न व्यवसायांतून आली, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली आणि वयाने वाढलेल्या विधवांना धुळाक्षरांपासून शिकवण्याची सोय केली. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या मोठ्या वयात शिकल्या आणि पुढे त्याच आश्रमाच्या खंबीर कार्यकर्त्या झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम रमाबाई रानडे यांनी उभे केले. प्रौढ स्त्रियांसाठी तेथे वर्ग चालत. १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालवली. जोशी हे आरंभी शाळामास्तर होते, पण पुढे ते कामगारांचे पुढारी म्हणून देशाला माहीत झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य मुख्यतः मुलांच्या शिक्षणाचे. परंतु १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारा हा पुरुष किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल यांच्या निमित्ताने खेडोपाडी हिंडलेला होता. नांगर विकताना शेतकऱ्याशी कसे बोलावे हे जो शिकला, त्याला शाळेसाठी त्याच शेतकऱ्याकडे धान्य मागताना शब्द शोधावे लागले नाहीत. आणि गाडगे महाराजांचे काय सांगावे? शाळेची पायरी न चढलेल्या, मामाच्या शेतावर राबलेल्या या संताने कीर्तनाचा प्रश्नोत्तरांचा वर्ग केला. ते प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि उत्तर देता देताच श्रोत्यांना आपली चूक उमगे. प्रौढशिक्षणाच्या शास्त्रावर पुढे जे ग्रंथ झाले, त्यांतील कित्येक तत्त्वे या खराट्यावाल्या बाबांनी आचरणात आणली होती.

आता थोडे परदेशाकडे वळू. इंग्लंडमध्ये कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी १९०३ साली जी संस्था निघाली, तिचा संस्थापक अल्बर्ट मॅन्सब्रिज हा सहकारी चळवळीतील एक साधा कारकून होता. १९०८ साली या संस्थेने रॉचडेल व लाँगटन येथे विद्यापीठाच्या धर्तीवर वर्ग उघडले. लाँगटन हे चिनी मातीच्या भांड्यांच्या धंद्याचे गाव, तर रॉचडेल कापडाच्या गिरण्यांचे. वर्गावर आर. एच. टॉनी हा ऑक्सफर्डचा पदवीधर तरुण आला. पद्धत अशी होती की, एक तास शिक्षकाने बोलावे आणि पुढचा एक तास विद्यार्थ्यांनी त्याला प्रश्न करावेत. टॉनी पुढे नामांकित अर्थेतिहासकार झाला. ग्रंथांतून सहसा न कळणाऱ्या अर्थशास्त्रातील पुष्कळ गोष्टी आपल्याला विणकर, कुंभारकामगार, खाणकामगार व यंत्रकामगार यांनी शिकवल्या, असे त्याने मोकळेपणी लिहून ठेवले आहे. विद्वान माणूसही प्रौढांच्या वर्गावर उत्तम शिक्षक होऊ शकतो. मात्र दुसरा तास त्याने विद्यार्थ्यांना दिला पाहिजे.

हेच तत्त्व आपल्या देशात १९५८ साली स्थापन झालेल्या आणि नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाने एक पाऊल पुढे नेले. त्यांच्या योजनेत तीन पायऱ्या होत्या. प्रथम सुशिक्षित शिक्षणाधिकारी तयार करावयाचे. या अधिकाऱ्यांनी कारखान्यांतून निवडलेल्या कामगारांना तीन महिन्यांचे पूर्णवेळ शिक्षण द्यावयाचे. आणि या ‘कामगार शिक्षकां’नी आपापल्या कारखान्यात परत जाऊन सोबत्यांचे वर्ग घ्यावयाचे. लेथवर काम करणारा फिटर जेव्हा शेजारच्या यंत्रावरील सोबत्याला भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब समजावतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात संकोच उरत नाही. ‘हा आपल्यासारखाच, याला समजले, तर मलाही समजेल,’ हा विश्वास कोणत्याही पदवीहून मोठे काम करतो.

साक्षरतेच्या मोठ्या मोहिमांकडे पाहिले तर शिकवणाऱ्यांचा पेशा दर पिढीस कसा पालटत गेला, हे स्पष्ट दिसते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. तिचा कणा होता गावचा प्राथमिक शिक्षक. त्याच्या भोवती गावातील शिकलेली मुले व तरुण उभे राहिले. देवळात, चावडीत, ओसरीवर कंदिलाच्या उजेडात वर्ग भरले. सारे गाव साक्षर झाले म्हणजे गौरवसमारंभ होई. गावाने गावाला शिकवले, हे त्या मोहिमेचे भूषण. परंतु पुष्कळसा भार एका प्राथमिक शिक्षकाच्याच खांद्यावर असल्याने समारंभानंतर उत्साह ओसरला की नवसाक्षरांच्या हातात पुन्हा पुस्तक राहत नसे.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा आरंभ झाला. पंधरा ते पस्तीस या वयाचे सुमारे तीस विद्यार्थी एका केंद्रावर असावेत अशी योजना होती, आणि शिकवणाऱ्यास महिना ५० रुपये मानधन होते. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त सैनिक, गावातील सुशिक्षित तरुण, समाजसेवक अशा अनेकांना त्यात वाव होता. प्रत्यक्षात खेड्यांतून पुष्कळ ठिकाणी हे काम नोकरीच्या शोधात असलेल्या शिकलेल्या तरुणांकडे गेले. त्यांतील कित्येकांनी जीव ओतून काम केले. परंतु ज्याचे चित्त उद्याच्या नोकरीच्या पत्राकडे आहे, त्याच्याकडून दहा महिने रात्रीचा वर्ग सांभाळण्याची अपेक्षा ५० रुपयांत करणे, हे न्यायाचे नव्हते.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आले आणि केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याने नवा मार्ग दाखवला. सुमारे वीस हजार स्वयंसेवकांनी एक पैसा न घेता शिकवले, आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी तो जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून घोषित झाला. त्याच सुमारास आपल्याकडे सिंधुदुर्ग व वर्धा या जिल्ह्यांनीही हा मार्ग धरला. एका स्वयंसेवकाकडे साधारण दहा प्रौढ, तीन भागांची वाचनपुस्तिका आणि सुमारे दोनशे तासांचे शिक्षण, असे त्याचे गणित होते. क्यूबा या देशाने १९६१ साली असाच प्रयोग केला होता. सुमारे एक लाख किशोरवयीन मुलेमुली खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांच्या झोपड्यांत राहिली, दिवसा त्यांच्याबरोबर शेतात खपली, आणि सुमारे सात लाख माणसे त्या वर्षी साक्षर झाली. विनावेतन सेवेचे हे सामर्थ्य आहे. तिची मर्यादाही आहे. सहा महिने, वर्षभर उत्साह टिकतो. त्यानंतर स्वयंसेवकाला स्वतःचा प्रपंच असतो.

२००९ साली ‘साक्षर भारत’ योजना आली. तीत प्रत्येक ग्रामपंचायतीत प्रेरक नेमण्याची व त्यांना महिना २,००० रुपये मानधन देण्याची तरतूद होती. मार्च २०१८ अखेर ती योजना संपली आणि प्रेरकांचे कामही संपले. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला गेला. त्यात पंधरा वर्षांवरील पाच कोटी लोकांना शिकवण्याचे उद्दिष्ट असून शिकवणारे पुन्हा विनावेतन स्वयंसेवकच आहेत. म्हणजे सत्तर वर्षांच्या कालखंडात आपण प्राथमिक शिक्षकाकडून अल्प मानधनाच्या तरुणाकडे, तेथून स्वयंसेवकाकडे, मग प्रेरकाकडे आणि पुन्हा स्वयंसेवकाकडे आलो. प्रौढांना शिकवणे हा एक स्वतंत्र पेशा आहे असे या देशाने क्वचितच मानले. ते नेहमी दुसऱ्या कोणत्या तरी पेशाचे फावल्या वेळचे काम राहिले.

मुंबईच्या रात्रशाळांचेही तेच झाले. दिवसा एका शाळेत शिकवून सायंकाळी दुसऱ्या शाळेत उभे राहणाऱ्या शिक्षकांनी या शाळा वर्षानुवर्षे चालवल्या. १७ मे २०१७ रोजी शासनाने अशा दुबार नोकरीतील शिक्षकांच्या रात्रशाळेतील सेवा थांबवण्याचा निर्णय घेतला आणि रात्रशाळांत मोठी खळबळ उडाली. पुढे त्या धोरणात फेरबदल झाले. या निर्णयाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. मला दाखवावयाचे ते एवढेच की, दिवसभर चाळीस मुलांपुढे घसा कोरडा करून आलेला माणूस आणि दिवसभर हमाली करून आलेला माणूस हे दोघे रात्री आठ वाजता समोरासमोर येत, आणि तरीही त्या खोलीत विद्या चालत असे. ही गोष्ट नमस्कार करण्याजोगी आहे. तथापि तिच्यावर कायमची योजना उभारता येत नाही.

आता आपण आपल्या वर्गाकडे येऊ. आपल्या ज्ञातीत कोणकोणत्या व्यवसायांची माणसे आहेत, आणि प्रौढांच्या वर्गात प्रत्येकाचा गुण कोणता व उणीव कोणती?

प्रशिक्षित शिक्षकापासून आरंभ करू. अक्षरे कोणत्या क्रमाने द्यावीत, ‘ब’ आणि ‘व’ यांतील घोटाळा कसा टाळावा, जोडाक्षर केव्हा आणावे, चुकीचे मूळ कोठे आहे, हे त्याच्याइतके कोणासही कळत नाही. परंतु त्याने तीस वर्षे मुलांना शिकवले आहे. ‘उठून उभी राहा’, ‘पाठ करून ये’, ‘एवढेही येत नाही?’ ही वाक्ये त्याच्या जिभेवर बसलेली असतात. आठ वर्षांचे मूल ती विसरून खेळावयास जाते. साठ वर्षांची आजी ती ऐकते आणि दुसऱ्या दिवसापासून तिला गुडघेदुखी सुरू होते. ही गुडघेदुखी मी आयुष्यभर पाहिली आहे. तिच्यावर औषध नसते. म्हणून शिक्षकाने प्रौढांच्या वर्गात येताना काही जुन्या सवयी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवल्या पाहिजेत.

परिचारिका घ्या. औषधाच्या वेष्टनावरील मुदत, गोळी जेवणापूर्वी की नंतर, साखरेच्या तपासणीचा आकडा, हे वाचण्याची गरज प्रत्येक वृद्धेला आहे, आणि परिचारिकेच्या बोलण्यात रुग्णाशी वागून आलेले मार्दव असते. बँकेतील किंवा टपालखात्यातील माणूस पैसे भरण्याच्या चिठ्ठीवरून अंक व अक्षर दोन्ही शिकवू शकतो. एसटीच्या वाहकाने जन्मभर हिशेब तोंडी केला आहे आणि गर्दीत न चिडता उत्तर देण्याचा त्याला अभ्यास आहे. शिंपी टेपावरून अपूर्णांक शिकवील. गवंडी तीन, चार व पाच फुटांची दोरी ताणून काटकोन साधतो. त्याला भूमिती नवीन नाही, फक्त तिचे नाव नवीन आहे. भाजी विकणारी बाई पावणेदोन किलोचा भाव मनातल्या मनात काढते. तिला गणित येत नाही असे म्हणणाऱ्याने तिच्याशी एकदा घासाघीस करून पाहावी. कीर्तनकार व भजनी मंडळीतील माणूस दमलेल्या श्रोत्यांना रात्री जागे ठेवण्याची कला जाणतो. जिच्या घरात सासू निरक्षर आहे अशी शिकलेली सून तर या कामास सर्वांहून योग्य.

या शेवटच्या विधानाला मी हवेतला दाखला देत नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा उघडली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटीदप्तर घेऊन साठ ते नव्वद वयाच्या आज्या शाळेत जाऊ लागल्या आणि त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली. शाळेची कल्पना एका प्राथमिक शिक्षकाची. परंतु आज्यांना शिकवावयास उभी राहिली ती गावातीलच दहावीपर्यंत शिकलेली एक सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासूही होती. येथेही पुन्हा तोच योग दिसतो: योजना व पद्धत शिक्षकाची, आणि शिकवणे घरच्या माणसाचे.

अर्थात् प्रत्येक पेशाची उणीवही सांगितली पाहिजे. निवृत्त अधिकारी हुकूम सोडण्यास सवकलेला असतो. वर्गाला तो कचेरी समजू लागला तर हजेरीपट भरतो आणि वर्ग रिकामा होतो. व्यापारी बंधूंचे मन मोठे, पण दिवाळीच्या हंगामात ते सापडणार नाहीत. महाविद्यालयीन विद्यार्थी उत्साही, पण परीक्षा जवळ आली की वर्ग पोरका. ज्यांना शिकवता येईल अशा आपल्या सुना-लेकींना सायंकाळी स्वयंपाकघरातून मोकळीक मिळत नाही. ती मोकळीक त्यांना द्यावयाची असेल तर पुरुषमंडळींनी पोळ्या लाटण्यास शिकावे लागेल. हाही एक प्रौढशिक्षणाचाच वर्ग आहे, आणि त्याला शिक्षिका घरोघर उपलब्ध आहेत!

तेव्हा उद्याच्या सभेपुढे मी नम्रपणे चार सूचना ठेवतो.

पहिली : ‘केवळ प्रशिक्षित शिक्षक’ हे शब्द काढून त्या जागी ‘प्रत्येक वर्गास दोन शिक्षक’ असे शब्द घालावेत. त्यांपैकी एक शिकवण्याचे शास्त्र जाणणारा असावा आणि दुसरा विद्यार्थ्यांच्या व्यवसायाचे किंवा घरगुती जीवनाचे जग जाणणारा असावा. पहिल्याने दुसऱ्यास पद्धत द्यावी, दुसऱ्याने पहिल्यास उदाहरणे पुरवावीत. म्हणजे एकाची अडचण निघाली तरी वर्ग बंद राहणार नाही.

दुसरी : दोघांनाही वर्ग सुरू होण्यापूर्वी निदान आठ दिवस शिकवावे. अक्षर कसे शिकवावे हे एकाने शिकावे. प्रौढाशी कसे बोलावे हे दोघांनीही शिकावे. ‘आजी, तुम्ही’ असे म्हणावे, चूक झाली तर सर्वांदेखत दाखवू नये, आणि विद्यार्थ्याला जे आधीच येते त्यापासून धडा सुरू करावा. पुस्तकातील कमळापासून आरंभ करण्याऐवजी तिच्या स्वतःच्या नावापासून आरंभ करावा.

तिसरी : मानधन द्यावे. सेवाभावाची थोरवी मला मान्य आहे. ज्यांना मानधन नको असेल त्यांनी ते संस्थेस परत द्यावे. परंतु ज्या सुनेला रिक्षाने यावे लागते, ज्या शिंप्याला दोन तास दुकान बंद ठेवावे लागते, त्यांच्या वेळेची किंमत आपण शून्य धरू नये. स्नेहसंमेलनाच्या भोजनखर्चातील एक गोड पदार्थ कमी केला तरी वर्षाचे मानधन निघेल, असे मला हिशेबनीसांकडून समजले आहे.

चौथी सूचना काहींना रुचणार नाही. पण ती सांगितल्यावाचून मला खाली बसता येत नाही. वर्गाचे दार ज्ञातीबाहेरच्यांनाही खुले ठेवावे. ज्या स्त्रिया आपल्या घरी धुणीभांडी करतात, जो पहारेकरी आपल्या वास्तूच्या फाटकावर रात्रभर बसतो, त्यांना ‘हा वर्ग तुमचा नव्हे’ असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? १८५५ च्या त्या रात्रशाळेत जात विचारून पाटी दिली असती, तर आज आपण तिचे नाव आदराने घेतले नसते. शिवाय यात आपलेही हित आहे. वर्गात निरनिराळ्या धंद्यांची माणसे आली म्हणजे ती एकमेकांना शिकवू लागतात, आणि काही वर्षांत त्यांच्यातूनच पुढचे शिक्षक मिळतात. पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण मी सांगितलेच आहे. विद्यार्थी म्हणून आलेला माणूस शिक्षक म्हणून उभा राहिला, म्हणजेच प्रौढांचा वर्ग सफल झाला असे समजावे.

बंधुभगिनींनो, सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तीत आपले नाव लिहावे आणि नावापुढे आपला व्यवसाय लिहावा. पदवी लिहिण्याची आवश्यकता नाही. आपण जन्मभर जे काम केले, त्यातील कोणती एक गोष्ट आपण दुसऱ्यास नीट समजावून देऊ शकाल, ते एका ओळीत लिहावे. ज्या भगिनी ‘गृहकृत्य’ असे लिहितील, त्यांनी संकोच करू नये; चार माणसांचा स्वभाव सांभाळून घर चालवणे हे प्रौढांना शिकवण्यासाठी लागणारे पहिले प्रशिक्षण आहे. पुढील वर्षीच्या कुटुंबसूचीत निदान काही कोरे रकाने त्या त्या स्त्रियांनी स्वहस्ते भरावेत, एवढी इच्छा व्यक्त करतो.